डाव्या हातातली थरथर

नवऱ्याने बाही कोपरापर्यंत सारली आणि डावा हात तिच्यापुढे धरला. डोळे वर्तमानपत्रातच होते. तिने ओले हात पुसले, शेजारी बसली आणि मनगटाच्या वरच्या फुगलेल्या शिरेवर तीन बोटं ठेवली. रोजचीच गोष्ट, बोटांना जागा शोधावी लागत नव्हती.

बोटांखाली काहीच लागलं नाही.

तिने बोटं थोडी वर सरकवली, मग खाली. भिंतीपलीकडे पाण्याची मोटार चालू असली की भिंतीला हात लावल्यावर जाणवतं, तसं काहीतरी तिथे सतत थरथरत असायचं. आज ती शीर नुसती शीर होती, टणक आणि गप्प.

त्याची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा डायलिसिस करणाऱ्या तंत्रज्ञाने तिला सगळं समजावून सांगितलं होतं. धमनीची भिंत जाड असते, हृदयाचा धक्का ती सोसते. शीर बिचारी पातळ. अंगभर फिरून दमलेलं रक्त सावकाश परत न्यायचं, एवढंच तिचं काम. पण रक्त यंत्रात घ्यायचं तर धार जोराची हवी, आणि धमनी पडली खोल, तिच्यात दर खेपेला सुया खुपसता येत नाहीत. म्हणून शस्त्रक्रिया करून शीर थेट धमनीला जोडून देतात. नको असलेला जोर सोसून सोसून मग तीही जाड होते, सुयांना तोंड देते. हे तिला चित्र न काढताही कळलं होतं.

"ही थरथर रोज बघायची," तंत्रज्ञ म्हणाला होता. "थांबली तर आत गुठळी झाली समजा. मग चहा पीत बसायचं नाही, तडक इकडे यायचं. लगेच आलात तर गुठळी काढता येते. दिवस घालवलात तर हात वाया गेला."

डायलिसिससाठी उजवा हात आधीच वाया गेला होता. हाही गेला तर मानेत नळी. साखरेने नवऱ्याच्या बोटांची टोकं बधिर झालेली, त्यामुळे थरथर बघायचं काम तिच्याकडे आलं. एरवी हा माणूस कोणावर विसंबणारा नव्हता. वजनमापं तपासण्याच्या नोकरीत आयुष्य गेलं, आणि निवृत्त झाल्यावर तपासायला घर उरलं. आणलेली भाजी तो पुन्हा तोलायचा. ती फोनवर किती वेळ बोलली, हे तिच्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक असायचं. सकाळी तो हात पुढे करायचा, तेवढाच दोघांमधला स्पर्श, आणि त्यातही आपण कामावर रुजू होतोय असंच तिला वाटायचं.

सकाळीच धाकट्या भावाचा फोन आला होता.

"ताई, आई कालपासून माणसं ओळखतेय. तुझं नाव घेतलं तिने. आजच नीघ. उद्याचं काही खरं नाही."

वर्षभर आईने कोणाला ओळखलं नव्हतं. तिला भेटायला गावी जायला लेक याआधी दोनदा निघाली होती आणि दोन्ही वेळा भरलेली पिशवी पुन्हा रिकामी करावी लागली होती. एकदा नवऱ्याचा रक्तदाब घसरला, एकदा सुईच्या जागेतून रक्त थांबेना. दुखणं दोन्ही वेळा खरं होतं, त्यामुळे तिला धड चिडताही आलं नव्हतं. तो राग तसाच पोटात राहिला होता.

"काय?" नवऱ्याने विचारलं.

"चालू आहे."

त्याने हात काढून घेतला नाही.

"नीट बघ."

"बघितलं ना. चालू आहे."

"बरं." त्याने बाही खाली ओढली आणि पान उलटलं.

आतल्या खोलीत तिने पिशवीत कपडे कोंबले. उद्या डायलिसिसचा दिवस होता. तिथे त्यांच्या लक्षात येईलच, एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय, असं तिने स्वतःला पटवून पाहिलं. एका दिवसाने काय होतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी ती निघाली. "आईकडे जाऊन येते," म्हणाली, जेवण झाकून ठेवलंय म्हणाली आणि जिना उतरली.

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत ती पोचली आणि तिथे तिचे पाय अडखळले. नवऱ्याची दया आली असं नाही. खोटं कशाला बोला, दया तिला फार दिवसांत आली नव्हती. तिला स्वतःचीच किळस आली. आईने आज ओळखलं तर नक्की कोणाला ओळखणार होती ती? दुकानाच्या फळीवर पिशवी टेकवून ती क्षणभर उभी राहिली आणि मग मागे फिरली. काय बोलायचं ते जिना चढताना तिने मनाशी जुळवलं. चुकलं माझं, थरथर थांबलीय, आत्ताच्या आत्ता चला.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत तो फोनवर बोलत होता.

"नाही हो, बोटांना कुठलं कळतंय माझ्या. हात कानाला लावून ऐकतो मी. पहाटेपासून आवाज बंद आहे... हो, माहितेय, आधीच यायला हवं होतं. जरा थांबलो होतो... सोबत? नाही, सोबत कोणी नाही. बायको गावाला गेलीय."

त्याने फोन खाली ठेवला, आणि मग त्याला ती दारात दिसली.

म्हणजे सकाळी हात पुढे केला तेव्हाच त्याला ठाऊक होतं.

"मी येते तुमच्याबरोबर," एवढंच ती म्हणाली.

"नको. गाडी सांगितलीय मी. तू नीघ, बस चुकेल."

आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला उलट काही बोलता आलं असतं, निदान रडता तरी आलं असतं. त्याने कपाटातून दवाखान्याची फाईल काढली, चष्मा खिशात टाकला, चपला घातल्या आणि तिला आधी जाऊ देण्यासाठी दारातून बाजूला झाला. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदाच तिला कोणी अडवत नव्हतं.