दुकान वाढवायचं आहे

दिनानाथ कासारांच्या भांड्यांच्या दुकानात काही शब्दांना मज्जाव होता. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. कुंकू संपलं नाही, वाढलं. आणि संध्याकाळी फळ्या लावताना दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं. पेणच्या बाजारात वडिलांनी लावलेलं हे वळण वाशीच्या सिमेंटच्या गाळ्यातही सुटलं नव्हतं. बायको काशी चेष्टेनं म्हणायची, "तुमच्या तोंडून 'बंद' ऐकायला मला दुसरा जन्म घ्यावा लागेल."

शहाऐंशी साली ठाणे-बेलापूर पट्टीतल्या एका वायरच्या कंपनीला टाळं लागलं आणि वाशीचा बाजार मलूल झाला. कंपनीतल्या कामगारांनी खर्चाला कात्री लावली हे समजण्यासारखं होतं. पण ज्यांचे पगार बिनबोभाट होत होते, त्या बेलापूरच्या सरकारी कचेऱ्यांतल्या कारकुनांनीही हात आखडता घेतला. नोकरी गेली शेजाऱ्याची, घाबरले हे. कुकर हातात घ्यायचा, झाकण लावून-काढून पाहायचं, शिट्टी गोल फिरवायची आणि "दिवाळीला बघू" म्हणून चालू पडायचं. दिनानाथांना त्यांचा मनस्वी राग यायचा. आपण स्वतः काशीचा चष्मा दिवाळीवर ढकललाय आणि दुकानाच्या पायरीवर बसणाऱ्या चांगुणाबाईकडून पापलेटांऐवजी जवळा घ्यायला लागलोय, हे मात्र त्यांच्या सोयीस्करपणे लक्षात येत नसे.

शेवटी त्यांनी मन घट्ट केलं. गणपती झाले की गाळा सोडायचा आणि पेणला भावाकडे जायचं. उरलेला माल बघायला एक ठोक व्यापारी येणार होता. म्हणून त्यांनी माळ्यावरची सगळी भांडी खाली काढली, पितळ चिंच लावून घासलं, स्टील पुसून दर्शनी मांडलं. तेवढ्यात गाळ्याचे मालक गोटीराम पाटील समोरून आले.

"गोटीरामशेठ, ठरवलं एकदाचं," दिनानाथ म्हणाले. "गणपती झाले की दुकान वाढवतो."

"वा! चांगलाच हाय की!" गोटीराम खुशीत म्हणाले आणि पाठीवर थाप मारून पुढे गेले.

इतक्या वर्षांचा भाडेकरू चालला, आणि या माणसाला आनंद! दिनानाथांना ते फार लागलं. रात्री ते नीट जेवलेसुद्धा नाहीत.

पायरीवरच्या चांगुणाबाईनं सगळं ऐकलं होतं. मागे घासलेल्या भांड्यांचा लखलखाटही पाहिला होता. तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि मासळीबरोबर बातमीही दारोदार पोचवली. "शेठ दुकान वाढवतान. नवा माल बी आनलाय. त्यांना आतली खबर हाय, कंपनी उघडनार."

दोन दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. कुकर गेले, पराती गेल्या, पोरीच्या लग्नासाठी म्हणून कुणी पिंपसुद्धा नेलं. लोक निरोपाला येतायत असं वाटून दिनानाथ प्रत्येकाला हात जोडत होते. मग एका कारकुनानं विचारलं, "काय काका, शेजारचा गाळा कधी घेताय?" तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

खुलासा करायला त्यांनी तोंड उघडलं. समोरच्या बाईनं नेमका तेव्हाच डब्यांचा अख्खा संच मागितला, आणि त्यांनी तोंड मिटलं.

"खोटं कुठं बोललात तुम्ही?" काशी म्हणाली. "वाढवतो म्हणालात, लोक वाढवा म्हणतायत."

माल असा हातोहात खपत असताना ठोक व्यापारी कशाला? त्यांनी त्याला येऊ नका म्हणून कळवलं. पापलेट घेतलं. पैसे कनवटीला लावताना चांगुणाबाई हसली, आणि दुसऱ्याच दिवशी नवं लुगडं नेसून बसली. बाजाराचा जीव भांड्यात पडला होता आणि त्या भांड्यांत चार पैसे दिनानाथांचेही होते. ते मजेत होते, उगाच का नाकारा?

मग पुतळा आली. तिचा नवरा वामन त्याच बंद कंपनीत होता, आणि हप्त्याहप्त्यानं भांडी नेऊन तिनं याच दुकानातून संसार उभा केला होता.

"काका, कुकर द्या. मोठा."

"वामनचा पगार सुरू झाला?"

"होईल की आता. तुमीच दुकान वाढवताय, मग आमी कशाला टेन्शन घ्यायचं? देवजीभावोजी ह्यांना उरणला बोलवत होते, बंदराच्या कामावर. उद्याच या म्हणाले, नायतर दुसरा माणूस घेतील. मी म्हटलं, जाऊ नका. कंपनी उघडली आणि हे तिकडं, तर इथली जागा जायची." तिनं कुकरवरून हात फिरवला. "पैंजण मोडले आणि आले."

कुकर कागदात गुंडाळता गुंडाळता दिनानाथांचा हात थांबला. दुकानात आणखी चार-पाच बायका होत्या. सगळ्यांचे कान इकडेच होते.

"पुतळा, मी वाढवतो म्हणालो ना, ते तसं नाही गं. संध्याकाळी वाढवतो ना, तसं."

"रोज संध्याकाळी थोडं थोडं वाढवता?" ती हसली. बाकीच्याही हसल्या.

दिनानाथांना वडिलांची आठवण झाली, पेणची पेढी आठवली. पण पुतळाच्या रिकाम्या पायांवरून त्यांची नजर हटेना.

"बंद करतोय," ते म्हणाले. "दुकान बंद करतोय मी. आणि कंपनीचं मला काहीएक ठाऊक नाही."

एका बाईनं हातातली परात हळूच खाली ठेवली. पुतळा पुढे झाली.

"मग आधी का नाही बोललात, काका?"

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुतळा कुकर तिथंच ठेवून निघून गेली, तिच्यामागोमाग बाकीच्याही. संध्याकाळपर्यंत दुकानाकडे कुणी फिरकलं नाही. फळ्या लावताना काशी एवढंच म्हणाली, "बरं केलंत. चष्म्याचं दिवाळीला बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पहिली फळी काढली तर समोर पुतळा. मागे रस्त्यावर वामन, खांद्याला पिशवी.

"डबा द्या, तीन खणांचा. हे उरणला चाललेत, बस गाठायचीय."

दिनानाथांनी त्यातल्या त्यात जाड पत्र्याचा, घट्ट कडीचा डबा काढला. पैसे नको म्हणाले. तिनं ते गल्ल्यावर ठेवलेच.

"घ्या. बोहनी आहे तुमची." जाता जाता ती वळली. "आणि तो कुकर बाजूला काढून ठेवा. ह्यांचं तिकडं बस्तान बसलं की नेईन. कधी ते मात्र नाही सांगत."

ती गेल्यावर दिनानाथांनी तो कुकर पुन्हा कागदात गुंडाळला, वरच्या फळीवर ठेवला. दिवसभरात गिऱ्हाईक असं दुसरं आलंच नाही. दिवेलागणीला काशी आतून पदराला हात पुसत आली.

"वाढवायचं ना?"

त्यांनी वरच्या फळीकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "पण आजच्यापुरतं."