बारा फटक्यांचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना चामडी पट्टा आहे. नऊ वर्षे मी टेबलाच्या खणात एका पत्रावर पडून होतो. त्या पत्राला उत्तर गेले नव्हते. गोष्ट तिथूनच सुरू करावी की नाही, मला नक्की सांगता येत नाही. बोलण्यात मी कधीच हुशार नव्हतो.

कॉर्क परगण्यातल्या एका लगाम करणाऱ्या कारागिराने मला घडवले. चामड्याचे तीन थर, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलेले. पुढे समुद्रकाठच्या एका कॅथलिक हायस्कुलात लॅटिन शिकवणाऱ्या ब्रदर कोलमन या धर्मबंधूंच्या काळ्या झग्याच्या खिशात, जपमाळेशेजारी, मी राहू लागलो. "छान वजनदार आहे," असे इतर ब्रदर म्हणत. हीच माझी स्तुती. तिचे मला काही वाटले नाही. चामड्याला काही वाटत नाही.

त्या गावात थोरल्या मुलाला आजोबांचे नाव देत. त्यामुळे एकाच वर्गात दोन चुलत भाऊ होते आणि दोघेही जेरेमाया क्रीडन. गाव त्यांना बापाच्या नावाने ओळखे: जेर पॅडी आणि जेर मिकी. परगावच्या ब्रदरांना असली नावे शाळेत चालत नसत. दोघांच्या कागदांवर एकच नाव असे.

एका वर्षी शिष्यवृत्तीसाठी मुलांनी लॅटिन निबंध लिहिले. सर्वांत चांगला निबंध विद्यापीठाकडे जायचा होता. तो क्रीडनचा होता. गाइडमधून उतरवलेला निबंधही क्रीडनचाच होता. ब्रदरांनी जेर पॅडीला उभे करून उतरवलेला कागद दाखवला.

"हा तुझा?"

"नाही, ब्रदर."

"मग कोणाचा?"

त्या गावात चहाडी करणाऱ्याला कोणी दारात उभे करत नसे, आणि इथे तर भाऊच होता.

"हात पुढे कर."

दोन्ही हातांवर माझे सहा-सहा फटके. चांगला निबंध जेर मिकीच्या नावावर गेला आणि त्याला शिष्यवृत्ती मिळाली. जेर पॅडी शाळा सोडून समुद्रापलीकडे कव्हेंट्रीला रस्ते बांधायला गेला.

फटके बुधवारी बसले. शुक्रवारी जुन्या वह्या चाळताना ब्रदरांनी अक्षर ओळखले: चांगला निबंध जेर पॅडीचा होता. निबंध परत मागवता आला असता. पण ते भिडस्त होते. ते नुसते बसून राहिले.

पुढे सरकारने मारणे बंद केले आणि मी खणात गेलो. बऱ्याच वर्षांनी जेर पॅडीचे ते पत्र आले आणि माझ्याखाली गेले.

"ब्रदर, मिकीचा जेर गेल्या महिन्यात वारला. आता बोलायला हरकत नाही. माफी नको. तो चांगला निबंध माझा होता, हे तुम्हाला माहीत आहे का, एवढंच कळवा. बायको म्हणते, मी बढाया मारतो."

यंदा नाताळात त्याचे कार्ड आले. आत फक्त सही होती: जेर पॅडी.

म्हाताऱ्या ब्रदरांच्या घरात स्वयंपाक करणाऱ्या टूमीबाई चहा घेऊन आल्या, तेव्हा पत्र पुन्हा टेबलावर होते.

"कपाटभर पुस्तकं वाचलीत, ब्रदर, आणि चार ओळी लिहिता येईनात?"

"सुरुवात कशी करावी, कळत नाही."

"नावानं करा! पोपसाहेबांना लिहिताय का?"

ब्रदरांनी तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिले: "प्रिय जेर पॅडी, तो निबंध तुझा होता. मला त्याच शुक्रवारी कळलं होतं. हे पत्र बायकोला दाखव."

मग त्यांनी मला मोठ्या लिफाफ्यात घातले. ब्रदरांकडून सारे ऐकलेल्या टूमीबाईंनी मला बाहेर काढले.

"अहो, हे त्याला आधीच मिळालंय की. बारा वेळा."

मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मला मात्र जपू नका. एखादे पत्र अनुत्तरित असेल तर ते शोधा.

जुन्या सवयीने ब्रदरांनी मला कोटाच्या खिशात ठेवले आणि ते काठी टेकत कोपऱ्यावर गेले. हिरव्या टपालपेटीच्या तळाशी पत्र पडल्याचे मी ऐकले. मला काही वाटले नाही. ब्रदरांचा हात मात्र खिशात आला आणि माझ्याशेजारी जपमाळ शोधत राहिला.