पाडसाची जागा

"डॉक्टर, हे कुठून उचलून आणलं?" गाडी थांबायच्या आतच उषाबाईनं विचारलं.

मच्छिंद्र काही डॉक्टर नव्हता. वाटूरकडच्या जनावरांच्या दवाखान्यात तो परिचर. पण ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर, असा माळावरचा हिशेब. सव्वीस वर्षं गुरांना लस टोचून त्यालाही वाटायला लागलं होतं, की आपल्याला जनावर कळतं. म्हणूनच तर आज गाईंना लस टोचायला उषाबाईच्या फार्मवर येताना कच्च्या रस्त्याकडेला, गवतात हरणाचं पाडस एकटंच निपचित पडलेलं दिसलं आणि त्यानं ते शर्टात घालून आणलं.

"आजारी हाय, बाई. हात लावला तरी हाललं न्हाई. गाईचं दूध पाजा जल्दी."

"आजारी कशाचं! माय चरायला गेल्ती त्याची. हरणी पिलाला गवतात दडवून जाती, अन् ते बिलकुल हालत न्हाई. तुमी तर चोरून आणलं की!"

मच्छिंद्राचं तोंड उतरलं. उषाबाई या देवणी गाईंच्या फार्मची बारा वर्षांची राखणदार. माळावरची हरणं तिच्या रोजच्या बघण्यातली.

"गाया बांधलेल्या राहू द्या, लस मागून टोचा," ती म्हणाली. "आधी हे जागेवर ठिवू. माय हुडकून राह्यली असंल. न्हाई सापडलं तर मंग जाईल निघून कळपामागं."

पाडस मांडीवर घेऊन ती गाडीवर मागं बसली. पण जागा कोणती? सगळा माळ सारखाच. मच्छिंद्र दोनदा चुकला, स्वतःवरच चिडला. शेवटी रस्त्याच्या कडेला मातीत रुतलेली गाडीच्या स्टँडची खूण दिसली, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. शेजारचं गवत अजून दबलेलंच होतं. पाडस तिथं ठेवून दोघं लांब एका बाभळीआड जाऊन बसले.

अर्धा तास गेला. कुठंतरी तितर ओरडले. एक काळवीट शिंगं मागं टाकून ऐटीत समोरून गेला. एरवी मच्छिंद्र त्याच्याकडं बघतच बसला असता.

"आली न्हाई तर?" त्याला अगदी रडू येत होतं.

"दम धरा."

मग पिवळ्या गवतातून एक हरणी आली. थबकली. पाडसाचा वास घेतला आणि अंग चोरून मागं सरकली. पाडस मात्र लटपटत उठलं, सरळ तिच्या पोटाखाली शिरलं आणि अधाशासारखं लुचू लागलं.

उषाबाई हसली. मच्छिंद्राला हसता आलं नाही. हरणी पाडसाची पाठ चाटत होती, नेमकी जिथं त्याचे हात लागले होते तिथं. आपले दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून तो बघत राहिला.