चमेलीची तपासणी

अमोलने पेटीत पांढरा कागद अंथरला, चमेलीला अलगद आत सोडलं, जाळीचं झाकण लावलं आणि तिथेच गच्चीवर मांडी घालून बसला.

"आता?" यशोदाबाईंनी विचारलं.

"आता वाट बघायची, काकू. ती शिटली की नमुना बाटलीत भरायचा, सील करायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा."

"एवढंच ना? मग ढाबळीत ढीग पडलाय. हवा तेवढा न्या."

"चमेलीचाच लागतो."

सकाळी इंदूरला सोडलेल्या कबुतरांत चमेली सगळ्यात आधी नाशिकला पोचली होती. एरवी ही बया पाण्याच्या टाकीपासून शेजारच्यांच्या चादरींपर्यंत काही म्हणता काही सोडत नसे. आज क्लबचा सेक्रेटरी समोर येऊन बसला, तर नव्या नवरीसारखी अंग चोरून बसली.

यशोदाबाईंच्या नवऱ्याला, सावळीरामांना, काही घाई नव्हती. अंबडच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या तोंडी पाखरांशिवाय दुसरा विषय नसे, आणि पहिला नंबर आज पहिल्यांदाच आला होता. शिवाय तपासणीचा आग्रह त्यांचाच. गेल्या वर्षी पंचवटीतल्या सोमनाथचं कबुतर जिंकलं, तेव्हा तक्रार त्यांनीच केली होती. तपासणीत स्टिरॉइड निघालं. पाखराला धाप लागली म्हणून औषध दिलं, असं सोमनाथ सभेत सांगू लागला, तर सावळीरामांनी त्याला बोलूच दिलं नाही. "याची कबुतरं पंखांवर नाही, मेडिकलवर उडतात!" असं ते म्हणाले आणि सभा खो खो हसली. सोमनाथवर वर्षाची बंदी आली. तेव्हापासून पहिल्या नंबरची तपासणी सक्तीची झाली आणि साक्षीला दुसऱ्या नंबरवाल्याने बसायचं, असंही ठरलं.

यंदा दुसरा नंबर सोमनाथचा होता. तो टाकीच्या सावलीत गप्प बसून होता.

"चहा घेऊन येतो," म्हणत सावळीराम यशोदाबाईंच्या मागोमाग खाली स्वयंपाकघरात आले. आज त्यांना सोमनाथलाही चहा पाजायचा हुरूप आला होता.

"अहो, पण त्या घाणीत एवढं शोधतात तरी काय?" आलं ठेचता ठेचता यशोदाबाई म्हणाल्या.

"औषध. स्टिरॉइड असलेल्या दम्याच्या गोळ्या चारतात लोक पाखरांना. दमतच नाहीत मग."

आलं ठेचायचं थांबलं.

"दम्याच्या?"

"हो. का गं?"

"तुम्ही मागच्या आठवड्यात निफाडला लग्नाला गेला होतात ना, तेव्हा चमेली चोच वासून धापा टाकत होती. माझा तर जीवच उडाला. तिला काही झालं असतं, तर तुम्ही मला सोडलं असतंत का? मग माझ्या दम्याच्या गोळ्यांतलीच अर्धी गोळी कुटून पाण्यातून दिली. दोन दिवस. बरी झाली की हो!"

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"बरी झाली, त्यात सांगायचं काय?" बोलता बोलता त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "माझं काही चुकलं का?"

सावळीरामांना आधी बायकोचा संताप आला आणि मग पुढचं सगळं दिसलं. हे वर जाऊन सांगितलं, तर कोण खरं मानणार? म्हातारा बायकोच्या नावावर बिल फाडतोय, असंच म्हणतील. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता, तर सगळ्यात आधी आपणच तसं म्हणालो असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. चहा उतू गेला. यशोदाबाईंनी गॅस बंद केला आणि उरलेला चहा कपांत ओतला.

ते वर पोचले, तेव्हा अमोल बाटलीवर लाख लावत होता.

"झालं, काका! पावली एकदाची. आता पेढ्यांचं बघा."

सावळीरामांनी सोमनाथसमोर कप ठेवला आणि स्वतःही तिथेच बसले.

"सोमनाथ, गेल्या वर्षी तुझ्या पाखराला खरंच धाप लागली होती का रे?"

सोमनाथने त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"लागली होती. आज कुठून आठवलं?"

सावळीराम अमोलकडे वळले.

"बाटली पाठवायची तर पाठव. पण चमेलीला स्टिरॉइड दिलेलं आहे, हे आत्ताच लिहून घे. पहिला नंबर याचा."

"काय बोलताय, काका? चेष्टा करताय का?"

"लिही."

"अहो, वर्षाची बंदी येईल."

"माहीत आहे. तो नियम मीच करायला लावला."

अमोलने पिशवीतून कागद काढला आणि मान खाली घालून लिहू लागला. सोमनाथने चहाचा एक घोट घेतला, कप खाली ठेवला.

"कारण विचार त्यांना," तो म्हणाला.

"कारण लिहायचं नसतं यात," अमोल म्हणाला. "औषध दिलं, की बंदी."

"लिहू नको. पण विचार. मला कोणी विचारलं नव्हतं."