बारावी रेघ

जिन्याखालच्या त्या एवढ्याशा जागेला दुकान म्हणायचं तर म्हणा. एक काउंटर, एक वाकवता येणारा दिवा, दोन खुर्च्या आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले मेलेले फोन. दुकानाची मालकीण म्हणजे ताई. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणायची, समोरचा चष्मेवाला म्हणायचा, आणि तिचा सख्खा धाकटा भाऊही म्हणायचा, तो होता तोवर.

कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले फोन पुन्हा चालते करायचे, हा तिचा धंदा. कंपनी अपडेट द्यायची थांबली म्हणजे फोन काही लगेच मरत नाही. जगभरात हौशी माणसं बसलेली असतात. ती त्या फोनसाठी आपापलं फर्मवेअर, म्हणजे फोन चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, बनवतात आणि फुकट वाटतात. एकेका फोनला पाच-पाच, सात-सात प्रकार. त्यातलं कोणतं निवडायचं, खरी मेख तिथेच. गिऱ्हाईक विचारायचं, "ताई, सगळ्यात भारी कोणतं?"

"भारीचं राहू द्या बाजूला," ताई म्हणायची. "आधी हे बघायचं की राखणारा कोण आहे. तो अजून आहे का जागेवर? शेवटचं अपडेट कधी दिलं त्याने? हात झटकून निघून गेला असेल, तर त्याचं काम कितीही देखणं असू दे, मी ते तुमच्या फोनात घालणार नाही. उद्या बिघडलं तर विचारायचं कुणाला?"

या नियमावर तिचं दुकान चालायचं, आणि चांगलं चालायचं.

धाकट्याचं सगळंच उलटं. ती त्याला उचापत्या म्हणायची, आणि उगाच नाही म्हणायची. दुसरी खुर्ची त्याची. तयार फर्मवेअर टाकून गप्प बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं. त्याला कर्नलमध्ये बोटं घालायची असायची. आता कर्नल म्हणजे काय, तर फोनमधला मुकादम. पडद्यावर बोट कुठे टेकलं, बॅटरी किती खायची, आवाज कुठून काढायचा, सगळं त्याच्या हाताखालून जातं. वरचं रंगरूप कितीही बदला, हुकूम त्याचाच चालतो. धाकट्याने बाबांच्या फोनसाठी असा एक कर्नल स्वतः बनवला होता आणि त्याला नाव दिलं होतं 'रेघ'. दर काही महिन्यांनी लॅपटॉप बगलेत मारून तो घरी बाबांसमोर बसायचा. "बाबा, नवी आवृत्ती आलीय. फोन आणा."

ताईचं डोकं फिरायचं. "अरे, म्हाताऱ्या माणसाच्या फोनवर कसले प्रयोग करतोस? किती सुस्त केलास तो! बोट ठेवलं की विचार करत बसतो."

"बाबांना घाई कुठेय, ताई?" तो हसून म्हणायचा.

बाबा जन्मभर पाट्या रंगवत आले. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. शिडीवर उभं राहून, श्वास रोखून, पट्टी न लावता हातभर रेघ ओढायचे आणि खाली उतरून मिशीतल्या मिशीत हसायचे. मग हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हा हळूहळू वाढत जाणार हेही सांगितलं. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि स्वतःचं एक माप ठरवलं. रोज सकाळी चहा झाला की फोनवर आत्याला चार ओळी लिहायच्या. अक्षर न चुकता लिहून झालं, तर हात ठीक आहे. डॉक्टर विचारायचे, "हाताचं काय म्हणणं?" की बाबा फोन पुढे करायचे. "हे बघा. एक चूक दाखवा." चूक नसायची. डॉक्टरही खूश, बाबाही खूश, गोळी होती तेवढीच.

गेल्या वर्षी धाकटा गेला. ओल्या वळणावर मोटरसायकल घसरली, बस्स. त्या घरात त्यानंतर कुणी मोठ्याने हसलं असेल तर ताईला आठवत नाही. दुकानातली त्याची खुर्ची तिने हलवली नाही, आणि गिऱ्हाईक चुकून बसायला गेलं तर ती चक्क उठवायची.

मग बँकेने कुरकुर सुरू केली. इतक्या जुन्या फर्मवेअरवर आमचं अ‍ॅप चालणार नाही म्हणाली. बाबांची साठवलेली पुंजी, औषधांचा खर्च, सगळं त्या अ‍ॅपवर. ताई बाबांचा फोन दुकानात घेऊन आली आणि कोणाही गिऱ्हाइकासाठी बघते तसंच बघायला लागली. कर्नल कोणता? रेघ. राखणारा कोण? शेवटची आवृत्ती कधीची?

तिने फोन उलटा ठेवला आणि बराच वेळ समोरच्या चष्मेवाल्याच्या काचेकडे बघत बसली. पण नियम तो नियम. धंद्याच्या सवयीने आधी पूर्ण बॅकअप घेतला, मग नवं, नीट राखलेलं फर्मवेअर टाकलं, त्याच्याबरोबर आलेल्या कर्नलसकट, आणि रेघ पुसली गेली. फोन नुसता पळायला लागला. बँकही गुमान उघडली. बाबांनी फोन हातात घेतला आणि "छान" म्हणाले.

आठवडाभराने आत्याचा फोन आला. "अगं, दादाला काय झालंय? आधी त्याचं लिहिलेलं वाचता येईना. आता तर तीन दिवस काही येतच नाही."

ताई शटर अर्धं ओढून घरी गेली. बाबा जमिनीवर बसले होते. समोर त्यांचे कुंचले, सगळे, जाड-बारीक. ते एका फडक्यात गुंडाळून बाबा दोरी बांधत होते आणि गाठ काही बसत नव्हती.

"हे काय चाललंय?"

"कुणाच्या उपयोगी पडले तर बघ. माझं झालं आता, तायडे." बाबा लाडात आले किंवा खचले, की तिला तायडे म्हणायचे. "हात आठवड्यात गेला गं. एक शब्द धड उमटत नाही. डॉक्टरांकडे जाऊन आलो, तुला त्रास नको म्हणून एकटाच गेलो. तेही चमकले. म्हणाले, इतक्या झपाट्याने? मग गोळी दुप्पट करू. सोमवारपासून."

मागे एकदा ती गोळी वाढवली होती. तेव्हा बाबा दोनदा बाथरूममध्ये आपटले होते आणि रिकाम्या कोपऱ्याकडे बघून माणसांशी बोलायचे. महिनाभर घरात कुणी झोपलं नव्हतं.

"नक्की कधीपासून बिघडला हात?"

"तू फोन लख्ख करून दिलास ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. योग बघ कसा."

ताईने फोन उचलला आणि निघाली.

दुकानात तिने जुना बॅकअप परत टाकला. फोनमध्ये दुरुस्तीवाल्यांसाठी एक सोय असते. ती चालू केली की बोट पडद्यावर जिथे जिथे फिरेल तिथे त्याचा माग उमटतो. ती चालू करून ताईने बोट फिरवलं. नेहमीसारखंच सुस्त. मग तिने मुद्दाम हात थरथरवला, बाबांचा थरथरतो तसा. पडद्यावर सरळ रेघ उमटली. तिने आणखी जोरात थरथरवला. तरी सरळ.

कर्नल थरथर गिळत होता. बोट नीट टेकेपर्यंत थांबायचा, इकडचं-तिकडचं सोडून द्यायचा, आणि मधलं खरं तेवढं पुढे पाठवायचा. हाच तो सुस्तपणा, ज्यावरून तिने भावाला वर्षानुवर्षं टोमणे मारले होते.

काउंटरखाली धाकट्याची जुनी हार्ड डिस्क होती. तिच्यात सगळ्या रेघा ओळीने पडलेल्या होत्या, एकपासून अकरापर्यंत. बाबांच्या फोनसारखाच एक फोन दुकानात सरावाला होता. ताईने त्यात रेघ एक टाकली आणि हात थरथरवला. माग वेडावाकडा आला, जरासाच मऊ. रेघ चार टाकली. कमी वाकडा. रेघ सात. आणखी कमी. अकरावीला सरळसोट. हात तोच, थरथर तीच. म्हणजे बाबांचा आजार जसजसा वाढत गेला, तसतसा धाकटा, किती थरथर गिळायची, तो आकडा वाढवत गेला होता. लॅपटॉप घेऊन समोर बसायचा तो आवृत्तीसाठी नव्हेच. बाबांचा हात बघायला बसायचा.

ताई रडली. भर दुपारी, दिवा डोळ्यांवर, गिऱ्हाईक दारात असताना ढसाढसा रडली. रडता रडताच तिला संतापही आला. "गाढवा," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "बाबा तोच फोन डॉक्टरांना दाखवत होते. ते बघून डॉक्टर औषध ठरवत होते. एवढं तरी डोक्यात यायला नको होतं तुझ्या?" खुर्ची कसली बोलणार. गिऱ्हाईक बिचारं हळूच निघून गेलं.

दोन दिवस ती मनाशी हिशेब घालत राहिली. अकरावी टाकलेला फोन परत देऊन गप्प बसलं की काम झालं. बाबांचा हात 'सुधारेल', कुंचले फडक्यातून बाहेर येतील, बँकेचं काय ते ती स्वतः बघेल. पण डॉक्टर पुन्हा फसतील. आणि सांगितलं, तर ज्या मापावर बाबा तीन वर्षं तग धरून होते ते माप खोटं होतं, हे तिलाच सांगावं लागेल. वर, ते खोटं कुणी केलं तेही. तिला दोन्ही नको होतं.

रविवारी सकाळी ती दोन्ही फोन पर्समध्ये टाकून घरी गेली. बाबांच्या फोनात अकरावी. दुकानातल्या फोनात नवं फर्मवेअर, थरथर जशीच्या तशी उमटवणारं. काय करायचं ते तिचं ठरलं नव्हतं. शेवटी तिने बाबांचा फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "दुरुस्त केला. आत्याला लिहून बघा."

आणि एवढी चोख बाई, माग दाखवणारी ती सोय बंद करायला विसरली.

"हे काय उमटतंय गं बोटामागून?" बाबांनी विचारलं. ताईने हात पुढे केला, पण उशीर झाला होता. रेघ म्हटल्यावर रंगारी थांबतोय होय? बाबांनी फोन मांडीवर आडवा ठेवला, मनगट टेकवलं, श्वास रोखला आणि डावीकडून उजवीकडे बोट ओढलं.

रेघ पट्टीने मारल्यासारखी आली. बाबा तिच्याकडे बघत राहिले. ताईला वाटलं, आता हसतील. बाबा हसले नाहीत.

"ही माझी नव्हे."

"म्हणजे?"

"माझी रेघ शेवटाला जरा वर जाते. पहिल्यापासून. उस्तादांनी त्यापायी मार मार मारलं, पण गेली नाही ती खोड. गावभर पाट्या आहेत, जाऊन बघ." त्यांनी मान वर केली. "ही कुणाची रेघ आहे, तायडे?"

आता लपवणार काय? ताई त्यांच्यासमोर खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं. थरथर गिळणारा कर्नल, अकरा आवृत्त्या, वाढत गेलेला आकडा, तिने टाकलेलं नवं फर्मवेअर. "हात आठवड्यात नाही गेला बाबा. तीन वर्षांत हळूहळू गेलाय. तो तुम्हाला कळू देत नव्हता. आणि मी मूर्खासारखं एका दिवसात कळवलं."

बाबांनी तिच्या पर्समधून डोकावणाऱ्या दुसऱ्या फोनाकडे बोट केलं आणि म्हणाले, "तो दुसरा दे."

तिने दुकानातला फोन दिला, माग चालू करून. बाबांनी पुन्हा मनगट टेकवलं, पुन्हा श्वास रोखला. या वेळी रेघ थरथरत, ठेचकाळत निघाली. मध्ये दोनदा तुटली. पण अगदी शेवटी, पडद्याच्या कडेला पोचता पोचता, किंचित वर गेली.

"ही माझी," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत. "उद्या गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांकडे जाऊ. ही दाखवू त्यांना. तू बरोबर चल आणि मला सांगितलंस तसंच सांग."

"सांगते."

"आणि आत्याला लिहायचं ते?"

"अकरावी ठेवली तर बँक चालणार नाही. नव्या फर्मवेअरवर त्याचं काम मला नव्याने बसवावं लागेल. मी कधी कर्नलला हात लावलेला नाही बाबा, जमेल की नाही कुणास ठाऊक. आणि त्याचा शेवटचा आकडा गेल्या वर्षीच्या हाताचा आहे. आता तो..."

"आता तो वाढवायला लागेल," बाबांनीच वाक्य पुरं केलं.

फडक्यातले कुंचले अजून तिथेच, भिंतीशी पडले होते. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग मांडीवरच्या दोन फोनांकडे.

"अकरा वेळा माझा हात मोजला त्याने?"

"हो."

"समोर बसून. माझ्या हातचा चहा पीत. आणि एकदाही कळू दिलं नाही, लबाड कुठला!" बाबांनी दोन्ही फोन बाजूला सरकवले आणि थरथरता हात ताईपुढे उघडा धरला.

"घे, मोज. बारावी मला सांगून कर."