कवळीवाल्याची अंडी

दातांच्या कवळ्या बनवण्यात हयात गेलेल्या माणसाला खोटं खरं करून दाखवायला कितीसा वेळ लागतो? बायकोने हौसेने पाळलेली ठिपकेवाली पाल, गोजी, अंड्यांवर आली आणि कवळीवाल्याच्या डोक्यात किडा वळवळला. नर नसला तरी ही जात अंडी घालते, तीही दोन-दोन. बायकोने काचपेटीत ओल्या मातीचा डबा ठेवला होता आणि रोज सकाळी माती चाचपून बघत होती. याने प्लास्टरची दोन अंडी घडवली, वरून रबराचं पातळ आवरण चढवलं आणि गुपचूप त्या डब्यात पुरली.

बायको हरखली. अंडी चमच्याने उचलून कापसात ठेवली, ताईला फोन लावला, शेजारणीला हाक मारली. जेवताना खरं सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं. पण शेजारीण अंड्यांना ऊब म्हणून लोकरीची टोपी देऊन गेली, मग कसला सांगतोय. म्हटलं, अजून थोडी मजा चालू दे.

तेवढ्यात बायकोने मातीचा डबा धुऊन फडताळात टाकला. काम झालं, आता पसारा कशाला?

गोजीने खाणं सोडलं. काचेचे कोपरे उकरायची आणि दमून पडायची. बायकोचं तोंड एवढंसं झालं.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी गोजीला तळहातावर घेतलं. "अंडी घातली का हिने?"

"घातली हो, दोन," बायको म्हणाली. "छान गुबगुबीत."

"मग आतड्यात काहीतरी अडकलं असेल. पोट साफ व्हायचं औषध देऊ."

कवळीवाला पुढे सरसावला. "बाई, थांबा. ती अंडी... मी घातली."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवला.

"म्हणजे प्लास्टरची. गंमत म्हणून."

"गंमत," बायको म्हणाली.

उजेडात धरल्यावर गोजीच्या पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरी, लांबोळकी अंडी स्पष्ट दिसली. "घालायला जागाच नाही, म्हणून धरून बसलीय बिचारी." डॉक्टरीणबाईंनी कॅल्शियम पाजलं. "ओली माती द्या, ऊब द्या, पेटीवर फडकं टाका आणि डोकावू नका. तरीही नाही घातली, तर चिरावं लागेल. एवढ्याशा जिवाला ते झेपेल का, सांगता येत नाही."

"डोकावणारे हेच," बायको म्हणाली. "यांनाच इथे ठेवून घेता का?"

घरी आल्यावर पेटीत ओली माती गेली, वर फडकं पडलं, आणि एरवी घर डोक्यावर घेणारा माणूस स्वयंपाकघरातल्या स्टुलावर मुकाट बसला. चहासुद्धा फुर्रकन प्यायला नाही. शेजारीण दारात आली, तिला त्याने खुणेनेच परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी बायको फडक्याखाली बघून आली आणि मान खाली घालून समोर बसली.

"काय झालं? गेली का गं?"

तिने हात तोंडावर धरला. त्याचे डोळे भरून आले. "माझ्यामुळे झालं सगळं. मुकं जनावर, आणि मी..."

"दोन घातली," बायको म्हणाली. "मऊ आहेत, हात लावून बघितलं. बाईसाहेब आता अळ्या मागतायत."

तो स्टुलावरून उठला. "अगं, जीव गेला असता माझा."

"गंमत म्हणून," बायको म्हणाली आणि ओट्याला धरून अशी हसत सुटली, की तिला उभंही राहवेना. अळ्यांचा डबा घेऊन तोच धावला. घाईत चिमटा उलटा धरला, अळी निसटून पेटीत पडली, आणि गोजीने ती मटकावून सावकाश जिभल्या चाटल्या.