धानाच्या खोलीचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. माझी दांडी आता तुटली आहे, पण त्याचं मला दुःख नाही. धडधाकट होतो तेव्हा जे केलं, ते मात्र विसरता येत नाही.

रंभाबाईने मला पोंभुर्ण्याच्या बाजारातून आणलं. दुकानातली सगळी कुलपं ओढून पाहिली आणि मलाच निवडलं. तेव्हा मी केवढा फुगलो होतो! परसातल्या खोलीत बांबूची कणगी होती, तिच्यात वर्षाचं धान, आणि दारावर मी. धान म्हणजे लक्ष्मी, म्हणून त्या खोलीत चप्पल घालून जायचं नाही हा तिचा नियम. दर दिवाळीला ती मला मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल पाजायची. त्या तेलामुळे मी कधीच अडकलो नाही. एकदा तरी अडकायला हवं होतं.

तिचे गुडघे गेले, दिसायला कमी झालं, आणि सून साधना तिला खरवडलेला भात वाढू लागली, तोही दिवसातून एकदाच. एके दिवशी रंभाबाई शेजारी वाटीभर पेज मागायला गेली. तिच्या मुलाला, विक्कीला, ते कळलं.

"गावभर आमची इज्जत काढून राह्यली बुढी," म्हणत त्याने तिला मनगट धरून परसातून फरफटत आणलं. आणि मित्रांनो, त्या ओढाताणीतही तिने दाराशी चपला काढल्या. जन्माची सवय ती. विक्कीने तिला आत ढकललं आणि मला दाबलं. मी मुकाट्याने लागलो.

मोहफुलांचे दिवस होते. गाव पहाटेच जंगलात जायचं. दाराला कुलूप म्हणजे आत कोणी नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ती हाका मारायची, येणारेजाणारे माझ्याकडे बघून पुढे जायचे. विक्की दिवसातून एकदा लोटाभर पाणी सरकवायचा. भूक लागली की ती कणगीतलं कच्चं धान चावायची. तिसऱ्या दिवशी हाका थांबल्या.

चौथ्या दिवशी गावची आशा सेविका रिना रंभाबाईच्या बीपीच्या गोळ्या घेऊन आली.

"बुढी पोंभुर्ण्याले गेली, लेकीकडं," साधना म्हणाली.

रिनाची नजर माझ्याखाली गेली. तिथे तारेने शिवलेल्या पट्ट्याच्या चपला होत्या.

"मंग चपला काऊन सोडून गेली?"

"दुसऱ्या घातल्या."

रंभाबाईकडे दुसऱ्या चपला नाहीत, हे रिनाला माहीत होतं. तिने दाराला कान लावला. आतून लाकडावर नख घासल्याचा आवाज आला. तिने तिथूनच वृद्धांच्या मदतीच्या १४५६७ या नंबरवर फोन केला आणि पोलीस पाटील देवाजींना बोलावलं.

"विक्की, चाबी दे," देवाजी म्हणाले.

"घरची गोष्ट हाये भाऊ. तुमी नका पडू."

देवाजींनी कुऱ्हाड उलटी धरून मला तीन घाव घातले. तिसऱ्याला मी तुटलो. रंभाबाईने किती पारखून घेतलं होतं मला, आणि त्याच मजबुतीची मला लाज वाटली.

ती बाहेर आली तेव्हा ओठांना तूस चिकटलं होतं आणि मनगटं काळीनिळी पडली होती.

"त्यानं नाई कोंडलं," ती मुलाकडे बघत म्हणाली. "मीच सांगतली लावाले. उंदरं येते ना."

रिनाने चपला उचलून तिच्या पायांशी ठेवल्या. "चला बाई, दवाखान्यात," ती म्हणाली. "बाकीचं मी सांगतो पोलिसायले."

आता मी पंचनाम्याच्या पिशवीत पडलो आहे. मित्रांनो, मार खाल्लेलं म्हातारं माणूस लेकराचं नाव सहसा घेत नाही. म्हणून नुसत्या त्याच्या बोलण्यावर जाऊ नका, मनगटं बघा, गोळ्या बघा, ताटात काय पडतं ते बघा. घरची गोष्ट आहे असं कोणी म्हणालं, तर तिथे जास्त वेळ थांबा. आणि माझ्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नका. दाराला कुलूप दिसलं, की आधी खाली चपला आहेत का ते बघा.